व्हिक्टर शोस्ट्रॉमचा 'द फँटम कॅरेज' : क्रायटेरियनच्या ब्लू-रेचे परीक्षण

जुने-अभिजात चित्रपट डिस्कवर आणणाऱ्या क्रायटेरियन कलेक्शन या अमेरिकी कंपनीने २०११ साली बाजारात आणलेली 'द फँटम कॅरेज' या स्वीडिश मूकपटाची ब्लू-रे डिस्क चित्रपटासाठी अवश्य घ्यावी आणि पुन्हापुन्हा पाहावी अशी आहे. मात्र तिच्यावरची जोडसामग्री पाहून व्हिक्टर शोस्ट्रॉम हा दिग्दर्शक आपल्याला कळला, असे कोणी समजू नये. डिस्कवर त्याची ओळख मुख्यतः पुढच्या पिढीतला स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन याचा गुरू म्हणून होते. ती ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत ज्याच्या चित्रपटांमुळे युरोप-अमेरिकेतल्या समीक्षकांना स्वीडनकडे पाहावे लागले, त्या माणसाला शिष्याच्या आठवणींच्या आधारानेच उभे करावे, हे मला अन्यायाचे वाटते. म्हणून या परीक्षणात डिस्कच्या गुणदोषांबरोबरच, तिने जे सांगायचे राहू दिले आहे त्यातले थोडेबहुत मी सांगणार आहे.

आधी चित्रपट. तो १ जानेवारी १९२१ रोजी स्वीडनमध्ये प्रदर्शित झाला आणि त्याची कथाही वर्षाच्या शेवटच्या रात्रीचीच आहे. सेल्मा लागरलॉफ यांची मूळ कादंबरी १९१२ सालची. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या पहिल्या लेखिकेला क्षयरोगाविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेने लोकशिक्षणासाठी काही लिहून देण्याची विनंती केली होती आणि त्यांनी लिहिली ती ही भुताची गोष्ट. तिच्यातली लोकसमजूत अशी की, वर्ष सरताना मध्यरात्रीच्या ठोक्याला ज्याचा प्राण जाईल त्याला पुढचे वर्षभर मृत्यूची गाडी हाकावी लागते आणि मेलेल्यांचे आत्मे गोळा करत फिरावे लागते. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती सेवासंस्थेत काम करणारी सिस्टर एडिट क्षयाने अंथरुणाला खिळली आहे, अखेरच्या घटका मोजते आहे आणि डेव्हिड होल्म नावाच्या दारुड्याला माझ्याकडे घेऊन या, एवढाच तिचा धोशा आहे. तो त्या वेळी दफनभूमीत दोन सोबत्यांबरोबर पीत बसलेला असतो. तिथे मारामारी होते, तो कोसळतो, बाराचे ठोके पडतात आणि गाडी येते. गाडीवान निघतो तो त्याचाच जुना मित्र जॉर्ज, ज्याने त्याला एके काळी दारूच्या वाटेला लावले. पुढचा बहुतेक चित्रपट म्हणजे या दोघांनी मिळून डेव्हिडच्या आयुष्याची केलेली उजळणी आहे. शेवट इथे सांगत नाही, कारण तो पहिल्यांदा पाहण्याचा अनुभव कोणाकडूनही हिरावून घेऊ नये.

या चित्रपटाची सर्वाधिक वाखाणणी झाली ती त्यातल्या पारदर्शक आकृत्यांची. छायाचित्रकार यूलियस येन्सोन याने त्या नंतर प्रयोगशाळेत जुळवल्या नाहीत, तर कॅमेऱ्यातच उमटवल्या: एकदा खोली किंवा रस्ता चित्रित करायचा, फिल्म मागे फिरवायची, आणि त्याच फिल्मवर काळ्या पार्श्वभूमीसमोर पात्रे पुन्हा घ्यायची. काही दृश्यांत अशी चार-चार चित्रणे एकावर एक आहेत. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर हे साधणे किती कठीण होते याची कल्पना करता येते, कारण एका थरात कॅमेरा हलला तर पुढच्या प्रत्येक थरात तो तितकाच आणि त्याच वेगाने हलायला हवा. भुते खुर्चीमागून जातात तेव्हा खुर्ची त्यांच्या पुढे राहते. ती खोलीत खरोखर वावरत आहेत असे वाटते. समुद्रात बुडालेल्या माणसाचा आत्मा आणायला गाडी लाटांवरून जाते आणि गाडीवान तळाशी उतरतो, ते दृश्य आज शंभर वर्षांनीही डोळ्यांत भरते. अशा कामासाठी सर्व काही ताब्यात असावे लागते. म्हणूनच लान्सक्रोना या गावात चित्रीकरण व्हावे ही लागरलॉफबाईंची इच्छा बाजूला ठेवून शोस्ट्रॉमने स्टॉकहोमजवळच्या रोसुंदा येथील नव्याकोऱ्या स्टुडिओत गल्ल्या उभारल्या.

मराठी वाचकाला इथे दादासाहेब फाळके यांची आठवण होणे साहजिक आहे. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) यांतली फाळके यांची ट्रिकदृश्ये याच काळातली आणि पुष्कळशी याच जातीच्या तंत्रावर बेतलेली आहेत. उद्देश मात्र निराळे होते. फाळके यांच्याकडे चमत्कार पाहून प्रेक्षकाने हात जोडावेत अशी अपेक्षा आहे. शोस्ट्रॉमच्या चित्रपटातले अद्भुत थकलेले आहे: गाडी खिळखिळी, घोडा म्हातारा, गाडीवानाच्या खांद्यावर कोयता आणि चेहऱ्यावर वर्षभराची मजुरी. मृत्यू हा इथे राजा नाही, त्याच्या चाकरीतला एक राबणारा माणूस तेवढा दिसतो. भीतीपेक्षा कणव वाटते ती यामुळे.

तंत्राच्या कौतुकात एक गोष्ट मागे पडते, ती म्हणजे अभिनय. डेव्हिड होल्मची भूमिका शोस्ट्रॉमने स्वतः केली आहे आणि १९२० सालच्या मानाने ती थक्क करणारी आहे. मूकपटात हातवारे आणि डोळे मोठे करणे चालते असा आपला समज असतो. इथे त्याच्या क्रौर्याचे खरे साधन त्याचे हसणे आहे. मुक्तिफौजेच्या निवाऱ्यात तो पहिल्यांदा येतो त्या रात्री सिस्टर एडिट जागून त्याचा फाटका, रोगट कोट शिवते, ठिगळे लावते. सकाळी तो एकेक ठिगळ तिच्यासमोर उसवून काढतो आणि हसतो. पुढे आपल्या खोकल्याने मुलांना क्षय होईल हे ठाऊक असून तो मुद्दाम त्यांच्या अंगावर खोकतो. बायको त्याला स्वयंपाकघरात कोंडते तेव्हा तो कुऱ्हाडीने दार फोडतो. हे दृश्य अनेकांना स्टॅनले कुब्रिकच्या 'द शायनिंग' या भयपटाची आठवण करून देते आणि चित्रपटाविषयीच्या लेखांत बहुधा तेवढ्यासाठीच उद्धृत होते. माझ्या दृष्टीने त्या दृश्यात कुऱ्हाडीइतकीच महत्त्वाची आहे ती दाराच्या अलीकडे मुलांना कपडे चढवण्याची धडपड करणारी, बायकोच्या भूमिकेतली हिल्डा बोर्गस्ट्रॉम. तिच्या चेहऱ्यावर नाटकी भय नाही, घाई आहे. वर्षानुवर्षे मार खाल्लेल्या बाईची ती घाई आहे, आणि दिग्दर्शकाला ती ठाऊक आहे.

कथनाची रचनाही धाडसाची आहे. आठवणीच्या पोटात आठवण, तिच्या पोटात आणखी एक, अशी गुंफण असूनही प्रेक्षक कुठे चुकत नाही, कारण प्रत्येक परतीला शोस्ट्रॉम दफनभूमीतल्या त्या पडलेल्या देहाची खूण ठेवतो. मधल्या भागात, डेव्हिड बायकोचा गावोगाव शोध घेतो तिथे, वेग थोडा मंदावतो आणि मुक्तिफौजेच्या सभेचे दृश्य मला दर वेळी लांबलेले वाटते. एवढेच काय ते उणे.

आता डिस्क. चित्रपटाचे फिल्मवरून डिस्कवर हस्तांतरण स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूटने जतन-दुरुस्त केलेल्या प्रतीवरून केले आहे. चित्रपट सुमारे १०७ मिनिटांचा आहे, दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्या मूळ स्वीडिशमध्ये आहेत आणि त्यांच्याखाली इंग्रजी सबटायटल्स येतात. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण पाट्यांची अक्षरे आणि मांडणी हाही त्या काळच्या चित्रपटाचा भाग असतो. रात्रीच्या दृश्यांना निळी आणि दिव्याच्या उजेडातल्या दृश्यांना पिवळसर छटा आहे. ओरखडे आणि उजेडाची थरथर अधूनमधून दिसते. ती पूर्णपणे पुसून टाकण्याच्या हव्यासात चेहऱ्यांवरचा पोत घालवलेला नाही, हे चांगले झाले. पारदर्शक आकृत्यांची खरी परीक्षा ब्लू-रेवरच होते, कारण कमी दर्जाच्या प्रतींत भूत आणि भिंत एकाच करड्या रंगात विरघळून जातात. इथे दोन्ही वेगवेगळी राहतात. इंटरनेटवर हिंडणाऱ्या धूसर प्रती पाहून ज्यांनी या चित्रपटाविषयी मत बनवले असेल, त्यांनी तो पाहिलेला नाही असेच मी म्हणेन.

संगीताचे दोन पर्याय आहेत. पहिले स्वीडिश संगीतकार मात्ती ब्यू याचे १९९८ सालचे संगीत, दुसरे केटीएल या नावाने काम केलेल्या स्टीफन ओमॅली आणि पीटर रेबर्ग या जोडीचे, गिटारच्या दीर्घ गुंजनावर आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनींवर उभे राहिलेले. पहिल्यांदा पाहणाऱ्याने निःशंकपणे ब्यूचे संगीत निवडावे. ते दृश्याच्या मागे राहते, डेव्हिडच्या घरातल्या सुखाच्या थोड्या क्षणांना ऊब देते आणि गाडी येते तेव्हा आरडाओरडा करत नाही. केटीएलचे संगीत गाडीच्या दृश्यांत अंगावर येते, ते प्रभावी आहे यात शंका नाही. पण सबंध चित्रपटावर एकाच भयाचा थर पसरवल्यामुळे तळ्याकाठच्या सहलीचे दृश्यसुद्धा पछाडलेले वाटू लागते, आणि हे घर एके काळी आनंदी होते हे प्रेक्षकाला पटले नाही तर कथेचा पायाच खचतो. हा चित्रपट भयपट म्हणून विकण्याची जी अलीकडची प्रवृत्ती आहे, तिला हे संगीत खतपाणी घालते.

जोडसामग्रीत कॅस्पर ट्यूबियर्ग या डॅनिश चित्रपट-अभ्यासकाचे समालोचन सर्वांत मोलाचे आहे. तो दृश्यागणिक बोलतो, कादंबरी आणि पटकथा यांतले फरक सांगतो आणि पाल्हाळ लावत नाही. रोसुंदा स्टुडिओच्या बांधकामाचे जुने चित्रीकरण छोटे आहे पण पाहावेच असे आहे. पुस्तिकेत पॉल मायर्सबर्ग याचा लेख आहे. उरलेल्या दोन्ही गोष्टी बर्गमनच्या आहेत: १९८१ सालच्या एका माहितीपटातून घेतलेली बर्गमनची मुलाखत, आणि शोस्ट्रॉमचा बर्गमनवरील प्रभाव दाखवणारा पीटर काउई याचा दृक्-निबंध. मुलाखत ऐकण्यासारखी आहे. हा चित्रपट आपण दर वर्षी पाहतो असे बर्गमन सांगत असे, आणि त्याच्या बोलण्यातला जिव्हाळा खरा आहे. पण सगळे मिळून चित्र असे उभे राहते की, शोस्ट्रॉमचे महत्त्व पुढे कोण येणार होते यावरून ठरते. त्याच्या मागे काय होते याविषयी डिस्क फार थोडे बोलते.

मागे बरेच काही होते. शोस्ट्रॉमचा जन्म २० सप्टेंबर १८७९ रोजी वर्मलांड प्रांतातल्या सिलबोदाल येथे झाला. तो तान्हा असतानाच कुटुंब अमेरिकेत ब्रुकलिनला गेले. सात वर्षांचा असताना आई वारली आणि त्यानंतर तो स्वीडनला नातेवाइकांकडे परतला. किशोरवयातच तो फिरत्या नाटक मंडळीत गेला आणि १९१२ साली चार्ल्स मॅग्नुसनच्या स्वेन्स्का बायो या कंपनीत आला, तोवर रंगभूमीवरचा मुरलेला नट आणि दिग्दर्शक झाला होता. त्याच वर्षी दिग्दर्शक मॉरिट्झ स्टिलर त्याच कंपनीत आला. शोस्ट्रॉमने दिग्दर्शित केलेला पहिलाच चित्रपट 'द गार्डनर' स्वीडिश सेन्सॉरने अडवला. त्याची प्रत जवळपास सात दशकांनी अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली.

'राजा हरिश्चंद्र' मुंबईत झळकला त्याच १९१३ साली शोस्ट्रॉमचा 'इंगेबोर्ग होल्म' आला, आणि माझ्या मते 'द फँटम कॅरेज'ची खरी पूर्वतयारी तिथे आहे. दुकानदाराची विधवा कर्जात बुडते, आजारी पडते, अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात जाते आणि तिची मुले पैसे घेऊन सांभाळणाऱ्या परक्या घरांत वाटली जातात. बऱ्याच काळाने तिच्यासमोर आणलेले धाकटे मूल तिला ओळखत नाही, तिथे तिचे भान हरपते. ही भूमिका केली आहे ती हिल्डा बोर्गस्ट्रॉमनेच. कॅमेरा जागचा हलत नाही. माणसे खोलीच्या खोल भागातून पुढे येतात, दारे उघडतात, पाठ फिरवतात, आणि एकाच लांबलचक दृश्यात सगळे घडते. कुठेही जवळून घेतलेल्या चेहऱ्याचा आधार न घेता दुःख इतके स्पष्ट दाखवता येते, हे चित्रपट जेमतेम वयात आलेला असताना या माणसाने ओळखले होते. चित्रपटावरून वर्तमानपत्रांत वादळ उठले, आणि स्वीडनचा गरिबांविषयीचा कायदा १९१८ साली बदलला त्यामागे या चर्चेचाही वाटा मानला जातो. दारूने आणि क्षयाने उद्ध्वस्त झालेले डेव्हिड होल्मचे घर शोस्ट्रॉमने भुताच्या गोष्टीसाठी रचलेले नाही; तो आठ वर्षे त्याच घरात पाहत होता.

त्यानंतर इब्सेनच्या कवितेवरचा 'तेर्ये विगेन' (१९१७), ज्यात नाकेबंदीच्या काळात बायको-मुलीसाठी धान्य आणायला होडी वल्हवत निघालेला कोळी इंग्रजांच्या हाती सापडतो, आणि आइसलँडच्या फरारी जोडप्यावरचा 'बेर्ग-ऐविंद' (१९१८), ज्याचे चित्रीकरण लॅपलंडमधल्या अबिस्कोच्या डोंगरांत झाले. या दोन चित्रपटांत समुद्र आणि पर्वत देखाव्यासाठी नाहीत, ते माणसाच्या मनाची परीक्षा घेतात. दोन्हींत नायक शोस्ट्रॉमच आहे; दुसऱ्यातली नायिका एडिथ एरास्टॉफ पुढे त्याची पत्नी झाली. 'तेर्ये विगेन'च्या यशानंतर स्वेन्स्का बायोने थोडे पण खर्चिक चित्रपट काढण्याचे धोरण धरले आणि लागरलॉफबाईंच्या साहित्यावर एकामागून एक चित्रपट आले. 'द फँटम कॅरेज' हा शोस्ट्रॉमचा त्यातला चौथा. त्याची पटकथा त्याने मोरबाका येथे बाईंच्या घरी जाऊन त्यांना सगळी वाचून दाखवली होती. या साऱ्या कामातले कितीतरी आज कायमचे गेले आहे. कंपनीच्या मूळ निगेटिव्हांचा मोठा साठा १९४१ साली स्टॉकहोममध्ये आगीत नष्ट झाला. फाळके यांच्या चित्रपटांपैकी किती थोडे आपल्या हाती उरले आहे हे जाणणाऱ्याला या हानीचे वेगळे वर्णन करून सांगायला नको.

१९२३ साली शोस्ट्रॉम हॉलीवूडला गेला आणि तिथे व्हिक्टर सीस्ट्रॉम झाला. एमजीएम या नव्या कंपनीने सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः तयार केलेला पहिला चित्रपट, लॉन चेनीची भूमिका असलेला 'ही हू गेट्स स्लॅप्ड' (१९२४), त्यानेच दिग्दर्शित केलेला. अभिनेत्री लिलियन गिशबरोबर त्याने 'द स्कार्लेट लेटर' (१९२६) आणि 'द विंड' (१९२८) केले. 'द विंड' मोहावीच्या वाळवंटात विमानाचे पंखे लावून उडवलेल्या वाळूत चित्रित झाला आणि बोलपटांच्या लाटेत बुडाला. आज तो मूकपटांच्या शिखरावर गणला जातो. ग्रेटा गार्बोबरोबरच्या 'द डिव्हाइन वूमन'चा काही मिनिटांचा तुकडा तेवढा वाचला आहे. १९३० साली तो स्वीडनला परतला, त्यानंतर दिग्दर्शन जवळजवळ थांबले आणि तो पुन्हा नट झाला.

बर्गमनचा अध्याय यानंतरचा. १९४३ पासून १९४९ पर्यंत शोस्ट्रॉम स्वेन्स्क फिल्मइंडस्ट्री या चित्रपट कंपनीचा कलाविषयक सल्लागार होता आणि पहिल्या चित्रपटात चाचपडणाऱ्या बर्गमनला त्याने सावरले. बर्गमनच्याच 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मध्ये (१९५७) ७८ वर्षांच्या इसाक बोर्गची भूमिका त्याने केली तेव्हा तो ७७ वर्षांचा होता. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला सुवर्ण अस्वल मिळाले आणि त्याच महोत्सवात व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'ला रौप्य अस्वल. स्वतःच्या चित्रपटात स्वतः उभे राहून पाप आणि पश्चात्तापाची गोष्ट सांगणारे दोन दिग्दर्शक त्या वर्षी बर्लिनच्या एकाच यादीत होते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. शोस्ट्रॉम ३ जानेवारी १९६० रोजी स्टॉकहोममध्ये वारला.

खरेदीविषयी काही सूचना. ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक विभागातल्या प्लेअरवरच चालतात आणि ही 'ए' विभागासाठी आहे; अमेरिकेतल्या मराठी मंडळींना अडचण नाही, पण भारत 'सी' विभागात येत असल्याने इथे सर्व विभाग चालवणारा प्लेअर लागेल, त्याची खात्री मागवण्यापूर्वीच करून घ्यावी. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची सबटायटल्स नाहीत, मात्र पाट्या थोड्या आणि सोप्या असल्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसून सांगता येतात. आधी ब्यूचे संगीत लावून चित्रपट पाहावा, नंतर समालोचनासह, आणि बर्गमनची मुलाखत सर्वांत शेवटी. ज्यांना यापुढे जायचे आहे त्यांनी किनो या कंपनीच्या दोन डीव्हीडी शोधाव्यात: एकीवर 'तेर्ये विगेन' आणि 'इंगेबोर्ग होल्म' एकत्र आहेत, दुसरीवर 'बेर्ग-ऐविंद' आणि गोस्टा वर्नर याचा तो १९८१ चा माहितीपट, ज्यातला बर्गमनचा भाग तेवढा क्रायटेरियनने उचलला आहे. पैसे एकाच वेळी दोन्हींसाठी नसतील तर 'द फँटम कॅरेज'नंतरची पहिली खरेदी 'इंगेबोर्ग होल्म'ची करावी.